उतारावरचा ड्रम

या, बूड टेकून बसा जरा, ड्रमाची गोष्ट सांगतो. हसू नका हो. कचऱ्याचाच ड्रम, पण सत्त्याण्णव साली त्यानं पंचवटीतल्या एका गल्लीचा लय जीव खाल्ला होता.

गल्ली उताराची. वर कोपऱ्यावर ड्रम, खाली लंकाबाई फुलांच्या पाट्या मांडून बसायची. झेंडू घरच्या मळ्यातला, मखमलाबादचा. रोज सकाळी एक तांबडी गाय यायची, ड्रमाला ढुशी द्यायची, की ड्रम आडवा होऊन गडगडत थेट लंकाबाईच्या पाट्यांपाशी. सडकी भाजी, खरकटं, माश्या. गिऱ्हाईक नाकाला पदर लावून पुढं. दसरा तोंडावर आलेला, अख्खा मळा झेंडूनं पिवळा झालेला, अन् विकायचा कुठं, तर उकिरड्यात!

तिचा नवरा पुंजा. त्यानं आधी ड्रम विजेच्या खांबाला बांधला. गायीनं दोरीच चघळून तोडली. मग इरेला पेटला गडी. सिमेंट कालवलं, ड्रमाचं बूड त्यात रोवलं अन् मिशीवर हात फिरवत बसला. ढुश्या मारून गाय दमली, ड्रम काही जागचा हालंना.

दुसऱ्या दिवशी सफाईवाला नाथा आला. ड्रमाला मिठी मारून जोर लावला, लाल झाला.

"पुंजाबाबा, हा पालथा कसा करू? आत उतरू का?"

पुंजाचा मिशीवरचा हात खाली आला. ड्रम भरला, वाहायला लागला, अन् सगळी घाण उतारानं पुन्हा लंकाबाईकडंच.

ती म्हणाली, "तुळशीवृंदावन बांधलंय जणू! आता रोज पाणी घाला अन् फेऱ्या मारा."

"मग तूच सांग की, शहाणे!"

"पोर पाळण्यात किती लाथा मारतं. पाळणा घर सोडून जातो का कधी?"

पुंजानं तिच्याकडं बघितलं अन् पहारच उचलली. सिमेंट फोडलं, दोन लोखंडी पाईप रोवले, वेल्डिंगवाल्याकडून ड्रमाला दोन कान लावून घेतले अन् मधे टांगला. नाथानं एका हातानं कलंडवून रिकामा केला. गाय आली, ढुशी दिली. ड्रम मागं गेला अन् झोका घेऊन आला तो तिच्याच कपाळावर! गाय जी वळली, ती पार भाजीबाजाराकडं.

दसऱ्याला दुपारीच पाट्यांच्या तळाशी नुसत्या पाकळ्या. लंकाबाईनं पदरानं घाम पुसला, अन् पुंजाला चहा दोनदा मिळाला.

तर तिकडं फुलं घ्यायला गेलात, तर एवढं करा. त्या ड्रमाला हात लावू नका. नुसता हालला तरी पुंजा उठून येतो, पहिल्यापासून सगळं सांगत बसतो, अन् गिऱ्हाईकाच्या हातातली फुलं सुकून जातात.