बिगरीचे अकरा विषय

निजामाचा अंमल होता आणि तिकडे विलायतेत लढाई चालू होती, त्या वर्षी चुडावा स्टेशनापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात बिगरीचा वर्ग उघडला. तिथे मला चार महिन्यांसाठी तात्पुरतं नेमलं. मी पार्वती, वय सव्वीस, विधवा, उर्दूसकट सातवी पास आणि स्वभावाने तिखट. चौथ्या महिन्यात तालीमात म्हणजे शिक्षण खात्याचा हुकूम आला. लहान मुलांच्या अभ्यासात शरीर, बुद्धी, हात, कान, डोळे अशा सगळ्यांना सारखा वाव हवा; साहेब येऊन पाहतील; पसंत पडलं तर वर्ग आणि बाई कायम, नाहीतर दोन्ही बंद.

बंद म्हणजे मी ताडकळसला, चंद्रभानदादाच्या घरी. दादा वाईट नव्हता. पण तिथे वहिनीची चार पोरं, चूल आणि जातं माझी वाट पाहत होती. दादाने तर निरोपच धाडला, की तपासणीच्या दिवशी गाडी घेऊन तुला न्यायला येतो. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मला तिकडे परत जायचं नव्हतं.

मग मी एक चूक केली. मुलांना काय काय शिकवावं, हे गावाला विचारलं.

मारुतीच्या पारावर अर्धं गाव जमलं. किशनराव पाटील म्हणाले, "पोरायला झुकून सलाम करता आला पायजे. तहसीलदार आले की आमची अब्रू जाती." बन्सीधर वाण्याला पावकी-निमकी हवी होती, तीही पाच वर्षांच्या पोरांकडून पाठ. मेंढरं राखणारी कासाबाई म्हणाली, "कुत्र्याचा पाय कंचा अन् लांडग्याचा कंचा, एवढं वळखू द्या. बाकी काय बी नगं." सुमनबाई म्हणाली, "काय बी शिकवा बाई, पर दुपारपस्तोर घरी धाडू नका."

उरला भुजंगमामा. गोऱ्हे शिकवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. शेवटी त्याने विचारलं, "लेकरं किती दाती हायेत?"

सगळे हसले. मी मात्र फणकारले, "ही शाळा आहे मामा, बैलबाजार नाही!"

सगळ्यांचं मन राखायचं म्हणून मी तीन तासांत अकरा विषय बसवले आणि तो कागद भिंतीवर डकवला. विषय बदलला की मी लोखंडी पट्टीवर ठोका द्यायची. पोरं मोजायला लागली की ठोका, गाणं. गाण्याला तोंड उघडलं की ठोका, कवायत. मुंजाजी नावाचं पोरगं कायम एक विषय मागे. सगळे सलाम करत, तेव्हा हा लांडगा होऊन रांगत असायचा. सगळे विश्रांतीला आडवे झाले की हा उठून कवायत करायचा. माझ्या शेजारच्या बायनाबाईच्या नातीने तर मातीकामाचा गोळा हातात ठेवूनच पाटलांना सलाम ठोकला. गोळा त्यांच्या धोतरावर गेला. आठ दिवसांत बावीस पोरांची नऊ उरली. सगळ्यात आधी पळाली ती भुजंगमामाची नात, मनकर्णा.

मी तणतणत मामाच्या रानात गेले. मामा म्हाताऱ्या पवळ्या बैलाच्या बाजूने एका गोऱ्ह्याला नुसतं चालवत होता. मानेवर जू नाही, मागे औत नाही. गोऱ्हा थांबला की मामाही थांबे. आणि त्यांच्या मागे रांगेने मनकर्णा आणि माझ्या वर्गातली बाकीची बारा पोरं!

"हे काय शिकवणं झालं?" मी विचारलं.

"आदत हाय त्यो. दुधाचे दात पडले न्हाईत अजून," मामा म्हणाला. "आताच जू ठिवलं तर जल्माचा बसका हुईल, औताला उठायचाच न्हाई. आदी रान बघू द्यायचं, वास घिऊ द्यायचा, पवळ्यासंगं हिंडू द्यायचं. मंग शिकतंय आपसूक. लेकरं बी आदतच की वो बाई."

तेवढ्यात मनकर्णाने मला हात धरून गोऱ्ह्याजवळ नेलं. "बाई, ह्येला म्होरं खाली आठ दात हायेत. वर एक बी न्हाई!"

मी वाकून पाहिलं. खरंच नव्हता. जन्म गुराढोरांत गेला आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला मामाचा फार राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग रानात भरू लागला. पोरं पवळ्याची पावलं मोजत, धुळीत लांडग्याचे पाय काढत, गाणी म्हणत हिंडत. बावीसची चोवीस झाली. भिंतीवरचा कागद मात्र मी तसाच ठेवला. फाडायची हिंमत झाली नाही.

साहेब आले ते नेमके दादाच्या गाडीतून. स्टेशनावर दुसरी गाडीच मिळाली नाही. शाळा रिकामी पाहून साहेब तापले. भिंतीवरचा कागद काढून घेतला आणि तरातरा रानात आले. मागे दादा, पाटील आणि निम्मं गाव.

"इस वक्त कौनसा मजमून चल रहा है?"

कागदावर त्या वेळेचा विषय सलाम होता. पोरं तर गोऱ्ह्याभोवती ओणवी झालेली. मी काही बोलायच्या आत मनकर्णा म्हणाली, "दात."

"किसके दात?"

"गोऱ्ह्याचे. म्होरं खाली आठ. वर न्हाईत."

"गलत! ऊपर भी होते हैं."

"बघा की मंग."

मामाने गोऱ्ह्याचा ओठ वर केला. साहेब वाकले, त्यांनी नीट पाहिलं आणि नवलाने त्यांचं तोंड उघडंच राहिलं. ते तोंड बरोबर मनकर्णाच्या डोळ्यांसमोर आलं. तिने आत पाहिलं, बोटाने मोजलं आणि साऱ्या रानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाई, साहेब बी तसेच हायेत! खाली आठ, वर एक बी न्हाई!"

इतकी वर्षं मिशीखाली झाकलेली गोष्ट अशी चव्हाट्यावर आली. पाटलांनी डोळे मिटून घेतले. दादा बैल जुंपायला गाडीकडे वळला.  संपलं सगळं, असं वाटलं. आणि बाकीची पोरं आपापली खात्री करून घ्यायला पुढे सरकली.

साहेबांनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलू लागले. हात काढला तेव्हा कळलं, ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "आओ, गिनो," म्हणत ते धुऱ्याच्या बांधावर बसले आणि त्यांनी एकेकाला पाळीने मोजू दिलं. मुंजाजी अजून गोऱ्ह्याचेच मोजत होता.

मग साहेबांनी कागद पुढे केला. "ये किसने बनाया?"

"मी."

"और ये?" त्यांनी रानाकडे हात केला.

"भुजंगमामांनी," मी खरं ते सांगितलं. "मी फक्त उशिरा शिकले."

साहेबांनी कागदाच्या पाठीवर उर्दूत शेरा लिहिला, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. दादाला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं: वर्ग कायम, बाई कायम. मग पुन्हा एकदा वाचलं. दादाला ते पहिल्या वाचनातच कळलं होतं. दुसऱ्यांदा मी माझ्यासाठी वाचलं.