कंसातले दोन शब्द

ऑनलाइन ज्ञानकोशातला माझा कुलपांवरचा लेख चोरीचा आहे, अशी तक्रार 'घुबड' या टोपणनावाच्या संपादकानं केली. एका पुस्तकात शब्द न् शब्द तोच होता, आणि पुस्तकावर साल छापलेलं नव्हतं. तीस वर्षं कुलपं दुरुस्त करणाऱ्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! पुस्तक मागवलं आणि सूनबाईला वाचायला बसवलं.

"किल्ली आधी उलटी फिरते, मग कंसात 'संदर्भ हवा'... बाबा, हे मध्येच काय?"

"अगं, ही आमच्या ज्ञानकोशातली खूण! बिनपुराव्याच्या वाक्याला लावतात. पुस्तकवाल्या पठ्ठ्यानं नक्कल करताना तीसुद्धा उतरवली!"

पानाचा फोटो टाकताच लेख निर्दोष ठरला. मी घुबडाचे जाहीर आभार मानले. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाक्याला ती खूण त्यानंच लावली होती.