बुरशीबाई

"मांजर आहे का घरी?"

"छे हो, डॉक्टरबाई! यांना चालतच नाही," आई म्हणाली. मुलीने मान खाली घातली.

तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल गाठींची रांग चढली होती. पूर्वीच्या विद्वानांनी आधी मलम, मग क्षयाच्या गोळ्या दिल्या आणि आता उद्या गाठी कापून काढायचे ठरले होते. प्रश्न विचारणे तेवढे राहिले होते. प्रश्नाला उत्पादक कंपनी नसते. त्याची शिफारस कोण करणार?

मुलांच्या त्वचेवरील दुर्मीळ बुरशींचा माग काढण्यात या डॉक्टरबाईंचे उभे आयुष्य गेले होते. रुग्णालय त्यांना पाठीमागे 'बुरशीबाई' म्हणे, आणि ते त्यांना ठाऊक होते. गाठीचा तुकडा त्यांनी नळीत वाढवायला ठेवला होता. परंतु ही बुरशी सवडीने उगवते, आणि सर्जनला सवड नव्हती.

त्यांनी आईला पाणी आणायला पाठवले.

"नाव काय तिचं?"

"झिपरी," मुलगी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"नाकावर फोड आलेत ना तिच्या?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिचीच बुरशी तुझ्या हातावर चढतेय. ओरबाडलं ना तिनं?"

"चुकून! खेळताना. बाबांना सांगू नका हं. हाकलून देतील तिला."

"सांगावं लागेल, बाळा. नाहीतर उद्या हातावर सुरी चालेल. औषध दोघींना एकच आहे. तीही बरी होईल."

सर्जन फोनवर हसले. "परत बुरशी? बाई, तुम्हाला आरशातही तीच दिसत असेल!"

"या वेळी साक्षीदार मांजर आहे. नळीत काय उगवतं ते पाहू, मग कापा खुशाल."

नळीत आधी पांढुरका, मग काळसर थर धरला. सूक्ष्मदर्शकाखाली नाजूक देठांवर बीजाणूंची फुले उमलली होती. इतका देखणा गुन्हेगार! बाई कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

काही महिन्यांनी हातावर फक्त फिकट वण उरले.

"जादूच केलीत बघा," आई म्हणाली.

"आणि मांजर?"

"त्याच दिवशी यांनी पोत्यात घालून लांब सोडलं. कशाला ती ब्याद!"

औषधाने बरा होणारा जीव, रोगासकट, दुसऱ्या कुणाच्या मुलांत पोचता झाला होता. घर तेवढे स्वच्छ राहिले.

"आणखी काही सांगायचंय तुला?" बाईंनी मुलीला विचारले.

"तुम्हाला नाही."

"अगं, असं बोलतात का मोठ्यांशी!"

"बोलू दे तिला," बाई म्हणाल्या.

मुलीने बाही खाली ओढली. आईने मदतीला पुढे केलेला हात बाजूला सारून तिने मनगटाचे बटण स्वतःच लावले.