सरपंचांच्या गच्चीपर्यंत

इंटरनेटच्या तबकडीच्या खोक्यावर 'रेंज पंधरा किलोमीटर' छापलं होतं आणि छापलेलं ते ब्रह्मवाक्य, हा औंढ्याच्या पंचायतीचा बाणा. सरपंच रखमाजींनी तर मोटारसायकलवरून लोणावळ्यातल्या मनोऱ्यापर्यंतचं अंतरही मोजलं. वळणावळणाच्या रस्त्याने सात भरलं. "पंधरात सात दोनदा बसतंय, मग अडचण कुटं?" जणू सिग्नलही घाटातून हॉर्न मारत येणार होता.

पंचायतीचं सेवा केंद्र सांभाळणाऱ्या सविताने हसू गिळलं. जोडणी चालली तर तिची नोकरी पक्की; नाही चालली तर केंद्र शेजारच्या गावात जाणार, आणि नोकरीही.

एजन्सीचा इंजिनिअर श्रीयश मे महिन्यात आला. पंचायतीच्या गच्चीवर पांढरी तबकडी बसवली, नकाशावर सरळ रेघ मारली. हवेतून तीनच किलोमीटर. सिग्नल झकास.

"सर, एकदा जुलैत येऊन बघा," सविता म्हणाली. "पावसाळ्यात हितलं सगळंच बदलतं."

"तबकडी वॉटरप्रूफ आहे, मॅडम."

जुलैत जोडणी मेली. श्रीयशला यावंच लागलं. सविताने मोबाइलच्या कॅमेऱ्याचा झूम ताणून दाखवलं. बरोबर मध्यावर उतारावरचा एक बंगला, त्याच्या गच्चीवर नवाकोरा पत्रा. पाऊस लागला की मावळातल्या बंगल्यांवर असे पत्रे चढतात. पाऊस बघायला येणाऱ्यांना पाऊस अंगावर नको असतो, भजी कोरडी हवी असतात.

"पण पत्र्यावरून मनोरा दिसतोय की," सविता म्हणाली.

"दिसून भागत नाही," श्रीयश म्हणाला. "लहर दोऱ्यासारखी जात नाही, काकडीसारखी मध्ये फुगते. तेवढी जागा मोकळी लागते. हा पत्रा तिच्या पोटातच घुसलाय. बंगला कुणाचा?"

मागून रखमाजींनीच घसा खाकरला.

"पत्रा दसऱ्याबिगर निघायचा न्हाई. शनिवार-रविवार बुकिंग फुल हाय."

"मग तबकडीला उंच खांब लागेल. तो मंजुरीत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. कागदावर 'चालू' लिवा. ऑक्टोबरात चालंलच की!"

श्रीयशने क्षणभर विचार केला. शिकलेल्या माणसाला तेवढाच पुरतो. "तसा मे महिन्याचा रिपोर्ट उत्तम आहे," म्हणत त्याने सही ठोकली आणि कागद सवितापुढे सरकवला. केंद्रचालकाची सही बाकी होती.

तेवढ्यात चिमाबाई जिना चढून आली. निराधारच्या पगारासाठी अंगठा द्यायला तिचा हा तिसरा हेलपाटा.

"पोरी, लागली का गं रेंज? का आजबी अंगठ्याला लोणावळंच गाठायचं?"

रखमाजी म्हणाले, "लागली, मावशी, लागली! सविता, कर सही."

सविताने पेन उचललं. 'प्रत्यक्ष मिळालेली रेंज' या रकान्यात तिने ठळक लिहिलं: सरपंचांच्या गच्चीवरच्या पत्र्यापर्यंत, दीड किलोमीटर. खाली सही केली, शिक्का मारला.

रखमाजींनी वाचलं. "खुर्ची जाईल तुझी. ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय, भाऊ."

तिने कागद पिशवीत घातला आणि छत्री घेतली.

"आजबी लोणावळंच, मावशी. चला, मीबी येते. तुमचा अंगठा झाला की म्होरं वडगावला तालुक्याच्या हापिसात जाऊन ह्यो कागद माज्या हातानं देते."