वळ मोजून मिळालेलं कडं

साल १९८३, शिवजयंतीचा दिवस, संध्याकाळचे सहा. लालबागमधल्या दोन चाळींच्या मधल्या बोळात आनंदा घाडीची काठी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याच्या, लवू तोरस्करच्या, उजव्या मनगटावर बसली. मनगटात मी होतो. मी चेपलो आणि मांसात रुतलो. हाड मोडल्याचा आवाज माझ्याइतका जवळून कुणीच ऐकला नाही.

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कडं आहे. ती काठी मला मिळवण्यासाठी उचलली गेली होती, आणि ती बसलीही माझ्यावरच. हे कसं घडलं ते क्रमाने सांगतो.

माझा जन्म गिरणीतला. साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात तिथे, एका साच्याच्या, मागाच्या, दांड्याखाली मी बुश म्हणून बसवलेला होतो. दांडा लोखंडी आणि महागाचा. तो झिजू नये म्हणून त्याच्याखाली पितळेची नळी घालतात आणि झिजायचं काम तिने करायचं असतं. ते मी इमानाने केलं. निकामी झालो तेव्हा भंगारात पडलो. कुशाबा नावाच्या फिटरने साहेबांना विचारून मला तिथून उचललं आणि लेथवर चढवलं. पातं अंगावरून फिरलं, पितळेचे कुरळे काप उडाले, आणि मी बोटभर रुंदीचं जाड कडं होऊन बाहेर आलो.

कुशाबा हा चाळीच्या लढाई पथकाचा सरनौबत. दर शिवजयंतीला मिरवणूक संपली की हे पथक त्या बोळात खिंडीची लढाई करून दाखवी. बोळ इतका अरुंद की दोन माणसं शेजारी उभी राहिली की वाट बंद. एका बाजूला मावळे, दुसऱ्या बाजूला गनीम. डाव्या हातात फरी, म्हणजे छोटी ढाल, आणि उजव्या हातात कातडं चढवलेली काठी. तिला गदगा म्हणतात. कातड्यामुळे मार आवाजाचा बसे, दुखण्याचा नाही. दोन्हीकडच्या गॅलऱ्या माणसांनी भरून जात.

पथकात हुद्दे होते. शिपायाचा नाईक, नाईकाचा हवालदार, हवालदाराचा जुमलेदार. हुद्द्याप्रमाणे पागोट्याचा रंग बदले. गिरणीत जन्मभर बदली कामगार राहिलेला माणूसही इथे हवालदार होऊ शके, त्यामुळे या रंगांना मोठा मान होता. गनीम व्हायला मात्र कुणी राजी नसे. चिठ्ठ्या टाकाव्या लागत, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघे तो आठवडाभर घुम्यासारखा बसे.

मी त्या पथकाचं मानाचं कडं झालो. खिंड जो सर्वांत जास्त लढेल त्याच्या मनगटात वर्षभर मी, आणि त्याचा हुद्दा एक पायरी वर.

आता जास्त कोण लढला हे ठरवायचं कसं? सुरुवातीला कुशाबा डोळ्यांनी बघून ठरवी. मग भांडणं होत. एक म्हणे मी शेवटपर्यंत उभा होतो, दुसरा म्हणे उभा होतास, पण भिंतीला टेकून. रमाकांत नावाचा विणकर या भांडणांना कंटाळला. मॅट्रिक झालेला, अक्षर चांगलं, त्यामुळे चाळीच्या दारावरचा फळा त्याच्याकडे होता. त्याला मोघम काही खपत नसे. व्यायामशाळेत पथकाची बैठक बसली तेव्हा तो म्हणाला, "खिंडीत जो जास्त वेळ उभा राहतो, त्याला मार जास्त बसतो. बरोबर? मग अंगावरचे वळ मोजा. वळ कुणाचा भाऊ नाही नि भाचा नाही."

सगळ्यांना पटलं. त्यातच कुणीतरी विचारलं की गनिमाच्या अंगावर जास्त वळ निघाले तर? गनिमाने मानाचं कडं नेलं तर गल्लीत तोंड काय दाखवायचं? लोक हसले. रमाकांतने नियम फळ्यावर लिहिला आणि हसत हसत खाली एक ओळ वाढवली: गनिमाचे वळ मोजले जाणार नाहीत.

मित्रांनो, ती ओळ तेव्हा कुणालाच टोचली नाही.

पहिल्याच वर्षी फरी वर उचलायची पद्धत गेली. मार चुकवला तर वळ कसा उठणार? माणसं पाठ पुढे करू लागली. मग काठ्यांवरची कातडी निघाली, कारण कातड्याने वळ नीट उठत नाही. एकाचे दोन दात पडले आणि तो रक्त थुंकत हसत उभा राहिला. एकाने आदल्या दिवशी बायकोकडून लाटण्याने पाठ बडवून घेतली. ते उघडकीला आलं, कारण लाटण्याला पीठ लागलेलं होतं आणि ते पाठीवर राहिलं होतं. त्याला वर्षभर लाटणेमावळा म्हणत. हसू होतं, पण बोळाच्या भिंतीवर दरवर्षी रक्ताचे शिंतोडे राहू लागले आणि ते कुणी पुसत नसे. शोभेचे वाटत.

लवू तोरस्करने मला वळांच्या जोरावर जिंकलं, पण लबाडी न करता. तो बोळाच्या मधोमध पाय रोवून उभा राही. आनंदा घाडी त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, एकाच गावचा, एकाच खात्यात काम. आनंदाची धाकटी बहीण शांता लवूला दिलेली. आनंदा कितीतरी वर्षं हवालदारच राहिला होता, कारण दरवेळी लवूच्या पाठीवर त्याच्यापेक्षा एखादा वळ जास्त निघे.

मग ब्याऐंशीचा जानेवारी उजाडला आणि संप सुरू झाला. गिरण्यांची चाकं थांबली. पहिले काही महिने सगळे एक होते. वर्ष उलटलं आणि माणसं तुटायला लागली. कुणी चोरून कामावर गेला की गेटवर दगड बसत. आमच्या चाळीतल्या एकाचा गाल दिवसाढवळ्या ब्लेडने कानापर्यंत फाडला गेला. मारणारे त्याच्याच खात्यातले होते.

शांताला दिवस गेले होते. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. या खेपेला औषधं आणि दूध चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लवूने दागिने मोडले, भांडी मोडली, आणि एका सकाळी गिरणीच्या बंद ट्रकमध्ये खाली मान घालून बसून तो आत गेला. मी त्याच्या मनगटात होतो. ट्रकच्या पत्र्यावर दगड पडत होते. प्रत्येक दगडाला त्याची नाडी माझ्याखाली उडत होती.

पथकाची बैठक बसली. रमाकांतने मांडलं: जो आत गेला त्याचा हुद्दा गेला, कडं परत घ्यायचं, आणि त्याच्यासाठी चिठ्ठी टाकायची नाही, तो गनीमच. हात वर झाले. आनंदाचा हात सर्वांत शेवटी वर झाला, पण झाला.

कुशाबाने लवूला बाजूला घेऊन समजावलं की या वर्षी येऊ नकोस, आजारी आहे असं सांग. लवू म्हणाला, "गनीम तर गनीम. उभा राहतो. दार लावून बसलो तर ह्या चाळीत परत कधी मान वर करून पाणी भरता येणार नाय मला."

"आणि कडं?"

"ते खिंडीत काढून घ्या. तसाच रिवाज आहे ना?"

शिवजयंतीच्या सकाळी शांताने नळावर भावाला गाठलं. तिचं पोट आता दिसत होतं. ती म्हणाली, "दादा, आज हात आवर. दुसरं काय मागत नाय मी."

"माझा हात माझ्या ताब्यात आहे गो," आनंदा म्हणाला आणि कळशी उचलून गेला.

संध्याकाळी शिंग वाजलं. गनिमाच्या बाजूने लवू एकटाच बोळात शिरला आणि समोर आनंदा उभा राहिला. आनंदाच्या मागून, त्याच्या खांद्यांवरून, बाकीच्या मावळ्यांच्या काठ्या लवूवर कोसळल्या. गनिमाचे वळ मोजायचे नव्हते, म्हणून कुणी हात राखून मारत नव्हतं. कान फुटला. भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं. फरीचे दोन तुकडे झाले. लवू पडला नाही. पण त्याने एकही फटका दिला नाही. त्याचा गदगा तीन-चारदा आनंदाच्या छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. ही गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, कारण ज्या हाताने तो वार थांबवला त्याच हातात मी होतो.

आनंदाचं अंग कोरंच राहिलं. वळ नाही तर कडं नाही, आणि कडं नाही तर पुन्हा हवालदारच. तो दात आवळून, फक्त लवूला ऐकू जाईल असं म्हणाला, "मार रे. एक तरी मार."

"तुझ्या बहिणीला जाऊन काय सांगू?" लवूने विचारलं.

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "घरचंच नाटक आहे ह्यांचं. भावोजी गोंजारतायत बघा." गॅलऱ्या हसल्या. आनंदाची काठी वर गेली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

परळच्या दवाखान्यात लवूचा हात सुजून काळानिळा झाला. मी निघेना. तिथल्या हत्याराने अंगठी कापता येई, माझ्याएवढं जाड पितळ नाही. कुशाबा हॅकसॉ घेऊन आला. ज्याने मला कातलं तोच आता मला कापत होता. पितळ तापलं की लवूच्या तोंडून गुरासारखा आवाज येई. शांता तांब्याने माझ्यावर पाण्याची धार धरून उभी होती. शेवटी मी उघडलो आणि खाली पडलो. मी होतो तिथे मनगट माझ्याच आकाराचं खोल गेलेलं होतं.

भोईवाड्याहून पोलीस आले. लवूने सांगितलं, जिन्यावरून पडलो.

इकडे त्याच संध्याकाळी रमाकांतने नियमाप्रमाणे वळ मोजले. लवूचे मोजायचे नव्हते. बाकी सर्वांत जास्त खरचटलं होतं ते दगडू नावाच्या एका मावळ्याला. तो बोळात पाय घसरून भिंतीवर पाठ घासत पडला होता. फळ्यावर नाव लागलं: मानाचं कडं, दगडू. सकाळी दगडूने स्वतः ते नाव शर्टाच्या बाहीने पुसून टाकलं. त्या बोळात पुन्हा लढाई झाली नाही.

लवूच्या हाताची दोन बोटं परत मिटली नाहीत. साच्यावर तुटलेला धागा जोडायचा तर ती दोन बोटं लागतात. गिरणीनेही त्याला काढलं. तो शांताला घेऊन माटुंग्याला गेला आणि एका इमारतीत लिफ्टमन झाला. डाव्या हाताने दार ओढायचा. मुलगी झाली, तिचं नाव सुमेधा. आनंदाला संपानंतर कुणी कामावर घेतलं नाही. परळ नाक्यावर तो पट्टे आणि पाकिटं विकू लागला. शांताने भाऊबीजेला त्याला कधी बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय यायची त्याची छाती झाली नाही.

मला कुणी परत मागितलं नाही; मी लवूच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत गोधड्यांखाली होतो. माझ्यावर हिरवा थर चढला. एक चीर, एक खड्डा. वर्षं गेली. गिरणीच्या जागी उंच इमारत उभी राहिली.

सुमेधा आता शाळेत खेळ शिकवते. तिने त्याच चाळीच्या माडीवरच्या व्यायामशाळेत नवं लढाई पथक उभं केलं आहे, त्यात मुलीही आहेत. आज सकाळी हुद्द्यांचे आणि पदकांचे नियम ठरवायला बैठक बसली. तिने मला चिंचेने घासून टेबलावर ठेवलं. शांता घरून निघालीच नाही. लवू आला आहे, खिडकीपाशी बसला आहे. सल्लागार म्हणून रमाकांतला बोलावलं आहे. तो आता काठी टेकत चालतो, पण मोघम त्याला अजून खपत नाही.

सुमेधाने मांडलं: काठीला कातडं हवंच. ज्याच्या हाताखाली शिकलेल्यांना इजा होत नाही, त्याचा हुद्दा वाढेल. आणि कडं त्याला, ज्याचा वार अगदी अंगाजवळ येऊन थांबला. मग तो मावळा असो की गनीम.

रमाकांतने माझ्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "न बसलेला वार मोजणार कसा?"

"ज्याच्यावर आला होता त्याला विचारायचं," ती म्हणाली.

"तो समोरच्या बाजूचा. खरं सांगेल?"

रमाकांतच पुढे म्हणाला, "त्र्याऐंशीचं कडं खरं म्हणजे कुणालाच गेलेलं नाही. तुझ्या नियमाने ते लवूचं होतं. पण तसं सांगू शकेल असा माणूस एकच आहे." त्याच्या सांगण्यावरून परळ नाक्याला फोन गेला.

मित्रांनो, तुम्हीही खेळ खेळता आणि बक्षिसं ठेवता. बक्षीस कशाला द्यायचं ते सांभाळून ठरवा. तुम्ही जे मोजाल ते माणसं करून दाखवतात, वळ मोजलेत तर वळच उठतात. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू घरात असेल तर तिचा खड्डा ठोकून सरळ करू नका. तिला जे सांगायचं असतं ते त्या खड्ड्यातच असतं.

नियम अजून मंजूर झालेला नाही. आनंदा आला आहे. तो खाली दारापाशी, फळ्याच्या शेजारी उभा आहे आणि वर बघतो आहे. लवू खिडकीत उठून उभा राहिला आहे. त्याने उजवा हात गजावर ठेवला आहे. सुमेधा त्याच्या मागे आहे. मामा ही हाक तिने आजवर कुणाला मारलेली नाही. मी टेबलावरच आहे, आणि हे सांगेपर्यंत ना वरून कुणी हाक मारली आहे, ना आनंदाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आहे.