पाच टनांचा पूल

पूल एकदाच वाजला, सुकलेली फांदी मोडावी तसा. व्हर्लिननं ट्रॅक्टर पूल ओलांडून घराच्या बाजूला उभा केला आणि काठावरून वाकून पाहिलं. फळ्यांखालची आडवी तुळई वाकली होती. तिला पेलणारा गज सांध्यातून निखळून वाऱ्यावर हलत होता. ओढा आपला वाहतच होता, कालच्यासारखा, परवासारखा. व्हर्लिनला काही वाटलं नाही. त्यानं ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकली.

तो घरी चालत आला. थोरली बहीण ऑर्फा कोट चढवून, समोर सह्यांची फाईल ठेवून बसलेली. हा पोलादी त्रिकोणांच्या सांगाड्याचा शंभर वर्षांचा पूल पाडू नये म्हणून तिनं नऊ वर्षं अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या कोपऱ्यातलं दार न् दार ठोठावलं होतं. आज दोन वाजता काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, माणसं मत देणार होती: दुरुस्ती की भंगार.

"बूट बाहेर काढ," ती म्हणाली. "आणि तोंड का असं? स्वतः केलेली कॉफी प्यायलास वाटतं."

"पुलावरून ट्रॅक्टर आणला मी."

"पाच टनांची पाटी वाचता येते ना?"

"ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघितलं. साडेचारच भरतो."

ऑर्फा शेतावरच वाढलेली.

"आणि मागच्या टायरांत पाणी भरलंस ते?"

चाकं घसरू नयेत म्हणून मार्चमध्ये त्यानंच पाइप लावून टायर भरले होते. टनभर तरी पाणी. ते पुस्तकात कुठून असणार?

"विसरलो," तो म्हणाला. "तुळई गेली. अजून कुणी पाहिलं नाहीये. दोनपर्यंत गप्प बसलो तर..."

फाईलवरचा हात ऑर्फाला आपला वाटेना, कुणीतरी ठेवून गेल्यासारखा.

"शाळेची छोटी बस कितीला येते?"

"सव्वातीनला. पलीकडून."

तिनं काउंटीला फोन लावला, नाव सांगितलं, म्हणाली, "पूल बंद करा. आमच्याच ट्रॅक्टरनं वाकलाय." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. तिनं फोन खाली ठेवला.

"तू या तोंडाला थांब. मी त्या तोंडाला जाते."

माणसाच्या वजनाला पूल अजून पुरेसा होता. ती फळी फळी चालत गेली, कठडा न धरता, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन वाजले, मतदानाची वेळ गेली. तीन वाजले. रस्ता बंद करायला येणारा काउंटीचा ट्रक अजून आला नव्हता. मग पिवळी बस आली, तिचा उचललेला हात पाहून थांबली, आणि मागं मागं सरकत वळून गेली.

ऑर्फानं हात खाली घेतला.