तेल पिणारी कातडी

वाचक मित्रांनो, पुढील निवेदनात एका चेंडूचे जीवन, त्याच्या कातडीचे नवल आणि त्या कातडीवर प्रेमापोटी झालेला एक अन्याय सांगण्यात येणार आहे. तरी सर्वांनी चित्त स्थिर करून वाचावे.

मी एक जुना बोलिंगचा चेंडू आहे. रंगाने निळा, वजनाने चौदा पौंड. ठाण्यातील एका मॉलच्या वरच्या मजल्यावर, गुळगुळीत लेनवरून घरंगळत जाऊन टोकाच्या दहा पिना पाडणे, हा माझा धर्म होय. माझी मालकीण जागृती कोपरला राहते.

मित्रांनो, आम्ही सर्व चेंडू गोलच. परंतु आमच्या कातड्या निरनिराळ्या. लेनवर रोज सकाळी यंत्राने तेल पसरतात. रॅकवरचे रंगीत चेंडू प्लास्टिकचे. तेल असो वा नसो, ते आपले सरळ जातात. युरेथेनचे चेंडू कमी तेलाच्या लेनवर शहाण्या बैलासारखे बेताने वळतात. मी रेझिनचा. माझ्या कातडीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत. दाट तेलावर मी त्या छिद्रांनी तेल टिपत जातो आणि शेवटच्या कोरड्या पट्ट्यात शिरताच असा वळतो, की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. कोरड्या लेनवर मात्र मी फार लवकर वळतो आणि फजिती होते.

त्या वर्षी दसऱ्याला राज्याच्या संघासाठी सहा मुली निवडायच्या होत्या. आदल्या वर्षी जागृती सातवी आली होती. यंदा निवड झाली नाही तर खेळ सोडीन, असे तिने घरी कबूल केले होते.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. लेनची निगा राखणारा सहदेव तेव्हा नवीनच कामाला लागला होता. त्याचे वडील मिठागरात होते. मिठाने लोखंड खाऊ नये म्हणून ते पूजेच्या दिवशी फावड्यांना तेल चोळीत. तोच संस्कार स्मरून सहदेवाने आम्हा सर्वांना हळदकुंकू वाहिले व खोबरेल चोळले. प्लास्टिकच्या चेंडूंवरचे तेल सकाळी फडक्याने निघून गेले. माझे आत गेले आणि छिद्रे तुडुंब भरली.

दसऱ्याच्या सकाळी सराव करताना मी तीन वेळा न वळता बाजूच्या चरात पडलो. जागृतीने मला उचलून हुंगले.

"सहदेवमामा, माझ्या बॉलला काय केलंत?"

"पूजा केली गं. तुझा म्हणून दोनदा तेल लावलं."

"अहो मामा, तो तेल पितो."

पिनांच्या यंत्रावरचा गुणाजी म्हणाला, "मग नवरात्राचा उपास सोडला म्हण त्याने."

जागृती रागावली नाही. कोमट पाण्यात बुडवून तेल काढायचे, एवढे सांगून ती रॅकवरचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन पहिल्या डावाला गेली. तो बिचारा सरळ गेला व कडेच्या पिना उभ्याच राहिल्या. डाव संपला तेव्हा ती नववी होती.

इकडे सहदेवाने माझी बोटांची भोके चिकटपट्टीने बंद केली आणि हाताला सोसेल अशा साबणपाण्याच्या बादलीत मला ठेवले. मित्रांनो, तेव्हा जे घडले ते मलाही अद्भुत वाटले. माझ्या अंगातून सोनेरी थेंब एकेक करून वर येऊ लागले. उन्हात खाऱ्या पाण्यातून मीठ प्रकट व्हावे, तसे. सहदेव पाहातच राहिला. "बाबा रे, एवढं पोटात ठेवलं होतंस," असे तो हळूच म्हणाला. पाणी तीनदा बदलले.

दुसऱ्या डावात मी परतलो. हळूहळू ती सातवी झाली. शेवटच्या फेकीला मी तेलावरून थेट कडेकडे निघालो. सहदेवाने हात जोडले. मग कोरडा पट्टा आला, माझ्या कातडीने जमीन धरली, मी वळलो, आणि दहाही पिना पडल्या.

यादीतील सहावे नाव जागृतीचे होते.

आता माझी छिद्रे थकली आहेत. मित्रांनो, एकच विनंती. ज्याची सेवा करायची, त्याची कातडी आधी ओळखा. पुढच्या खंडेनवमीला सहदेवाने तेलाची वाटी दूर ठेवली, झेंडूचे एक कोरडे फूल हाती घेतले आणि प्रथम जागृतीला विचारले, "हे चालेल ना याला?"

चेंडूस हात नसतात. म्हणून ज्या हातांनी तेल चोळले, त्याच हातांनी हे लिहिले आहे. शेवटपर्यंत वाचलेत, आपले आभार.

सहदेव पंढरी भोईर, कोपरी, ठाणे पूर्व